उताराखालची खुर्ची

वेम्बलीला ईलिंग रोडवर एक गुजराती भाजीवाला होता. त्याने आमच्या सरांना भेंडीच्या ढिगापाशी उभं राहायला बंदी घातली होती. माणूस भाजी निवडतो, नाक मुरडतो, फार तर घासाघीस करतो. सर ढिगासमोर वाकायचे, एक डोळा मिटून त्याचा उतार बघायचे आणि मग अगदी खालची एक भेंडी दोन बोटांनी अलगद ओढायचे. वरची सगळी भेंडी फुटपाथवर. "पाहिलं?" मला म्हणायचे. "पडली वरची, पण बिघडलं खाली." तोवर भाजीवाला बाहेर यायचा. "काका, लेवुं छे के मापवुं छे?" म्हणजे घ्यायचंय की मापायचंय? मग सर खिशातून पिशवी काढून सांडलेली सगळी भेंडी मुकाट्याने विकत घ्यायचे. "आमच्याकडे सारखी भेंडी का असते ते कळलं ना आता तुला?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या.

सर मूळचे नागपूरचे. उमेदीची वर्षं चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणींत घालवून ते इंग्लंडला आले आणि एजवेअरला घर करून राहिले. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी पुण्याहून वर्क परमिटवर आले, वेम्बलीला राहिले आणि रीडिंग गावातल्या एका कंपनीत त्यांच्या हाताखाली पडले. आमची कंपनी खाणींवर नजर ठेवायची. खाण म्हटलं की लोकांना बोगदा आणि डोक्यावर दिवा आठवतो, पण आमच्या खाणी उघड्या. जमिनीत खणलेले अवाढव्य खड्डे. खड्ड्याच्या उभ्या भिंतीला आमच्या भाषेत स्लोप म्हणायचं. त्या भिंतींवर छोटे काचेचे आरसे बसवायचे, समोरून एक यंत्र त्यांचं अंतर सतत मोजत राहणार, आणि एखादा आरसा सरकला की रीडिंगला माझ्या स्क्रीनवर घंटा वाजणार. ती घंटा वाजवणारं सॉफ्टवेअर माझं. ती वाजल्यावर घाबरायचं की नाही, हे ठरवणं सरांचं.

आणि हा माणूस घाबरण्यात वस्ताद! पॅडिंग्टनहून ट्रेन रीडिंगच्या अलीकडे एका खोल कटिंगमधून जाते. दोन्ही बाजूंना मातीचे उंच उतार, वर झाडं. गाडी तिथे आली की सर बोलता बोलता थांबायचे, हातातला पेपर खाली ठेवायचे आणि खिडकीला नाक लावायचे. कटिंग संपली की, "झाडं सरळ आहेत," असं जाहीर करून पुन्हा पेपर उचलायचे. समोरच्या सूटवाल्या इंग्रजांना वाटायचं, म्हातारा निसर्गप्रेमी आहे. एकदा एका बाईंनी कौतुकाने विचारलं, झाडं आवडतात का तुम्हाला? सर म्हणाले, "नाही मॅडम. झाडं वाकली म्हणजे माती सरकून राहिली. आज आपण वाचलो." बाई रीडिंग येईपर्यंत खिडकीतून डोळे काढेनात.

त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी पानात भाताची मूद वाढली. मी हात घालणार तोच सर म्हणाले, "थांब." पळीभर वरण घेतलं आणि मुदीच्या माथ्यावर अगदी सावकाश सोडलं. मूद उभी. आणखी थोडं. मूद उभी. "आता पाय." म्हणजे नागपुरीत, बघ. आणखी एक धार, आणि मूद एका बाजूने बसकन ढासळली. "डोंगर दगडाने नाही पडत, पोटात शिरलेल्या पाण्याने पडतो. आणि पडेपर्यंत तो अगदी सभ्य दिसतो, तुमच्या पुणेकरांसारखा." "अहो, जेवू द्या तिला!" काकू ओरडल्या. त्या घरी कोणी पाहुणा मुदीचा बळी दिल्याशिवाय जेवला नसेल.

आता ऑफिसातली गंमत सांगते. जोखीम मोजायला आमच्याकडे एक रंगीत तक्ता होता. हिरवा म्हणजे खुशाल काम करा. लाल म्हणजे माणसं बाहेर काढा. मध्ये अंबर, सिग्नलमधला पिवळा. त्या तक्त्याकडे बघून वाटायचं, अख्ख्या ब्रिटनमधल्या सगळ्या खाणी कायम अंबर आहेत. कारण उघड आहे. लाल म्हटलं तर क्लायंटचं काम थांबतं आणि तो चिडतो. हिरवा म्हटलं आणि काही पडलं तर आपण अडकतो. अंबर म्हणजे भीती नोंदवलेली आणि डंपर चालू! आमचा डायरेक्टर सेल्समधून आलेला. गोरा, हसरा, पाठीवर थापा मारणारा. तो अंबरला "हेल्दी अंबर" म्हणायचा.

सरांना त्या अंबरचा मनस्वी राग. त्यावर त्यांनी स्वतःची एक कसोटी काढली होती. मीटिंगला जाताना त्यांच्या गाडीच्या डिकीत एक निळ्या कापडाची घडीची खुर्ची असायची, लोक क्रिकेट मॅचला नेतात तसली. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की, "हा स्लोप तसा सेफच आहे, नाही का?" की सर उठून ती खुर्ची आणायचे, टेबलाशेजारी उघडून ठेवायचे, तिच्यावर आपला स्टीलचा डबा ठेवायचे आणि अत्यंत अदबीने म्हणायचे, "उत्तम. मग ही खुर्ची त्या स्लोपच्या पायथ्याशी नेऊ, तुम्ही तिथे बसून लंच करा. डबा माझ्या बायकोने केलाय. तुमचं जेवण झालं की मी हिरव्यावर सही करतो."

कोणी बसत नसे. मोठमोठे मॅनेजर, जन्म खाणीत गेलेले, त्या खुर्चीकडे बघून खाकरायचे आणि म्हणायचे की अजून थोडा डेटा बघू या. सर खुर्ची मिटायचे. "डेटा नको, भूक नाही म्हणा," मला मराठीत पुटपुटायचे. मला हसू दाबताना ठसका लागायचा. ऑफिसात त्यांना सगळे "मिस्टर लंच" म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. कसोटी कधी फसली नव्हती, आणि न फसणाऱ्या गोष्टीचा माणसाला माज चढतोच.

मग ते वेल्सचं प्रकरण आलं.

साउथ वेल्समध्ये कोळशाची एक उघडी खाण होती, आमचा सगळ्यात मोठा क्लायंट. त्या खाणीचं सॉफ्टवेअर मी बघायचे आणि माझं परमिट वाढवून मिळणार होतं ते त्याच कामाच्या जोरावर. कॉन्ट्रॅक्ट गेलं की मी परत पुण्याला. इतकं सरळ गणित. नवऱ्याला इकडे नुकती नोकरी लागली होती, त्याचा व्हिसा माझ्या परमिटवर. माझा जीव त्या खाणीत अडकला होता म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस. एका सकाळी घंटा वाजली. उत्तरेकडच्या भिंतीच्या माथ्यावरचे आरसे सरकत होते. आता वेल्समध्ये खोटी घंटा वाजण्याचं एक हमखास कारण म्हणजे मेंढ्या. त्या माथ्यावर चरायला येतात आणि आरशांच्या खांबाला अंग घासतात. त्यासाठी मी सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम एक खूण ठेवली होती: "मेंढी". ती केली की घंटा बंद. डायरेक्टर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "शीप, ऑब्व्हियसली."

सर स्क्रीनसमोर बराच वेळ उभे होते. "मेंढी एक खांब हलवते," ते म्हणाले. "आज इकडे, उद्या तिकडे. हे सगळे आरसे एकाच दिशेने सरकून राहिले, खड्ड्याकडे. मेंढ्यांनी युनियन काढली असेल तं मला माहीत नाही." आणि त्यांनी लाल केला. त्या भिंतीखालचा रस्ता बंद, पायथ्याचं काम बंद. नेमका तिथेच त्या खाणीतला सगळ्यात चांगला कोळसा होता.

झालं! फोनवर फोन. क्लायंट म्हणाला, भिंत तर सरळ उभी आहे, माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही. तुम्ही लाल ठेवणार असाल तर आम्ही दुसरी कंपनी बघतो. संध्याकाळच्या ट्रेनमध्ये मी धीर करून सरांना म्हटलं, "सर, थोडे दिवस अंबर नाही का चालणार? माझं परमिट..."

"परमिटचं माहीत आहे मला. तुझ्या फॉर्मवर मीच तं सही केली." मग हातातल्या पेपरची घडी केली. "काऊन बाई, तुझं परमिट हिरवं व्हावं म्हणून मी डोंगर हिरवा करू?" आवाज चढवला नाही, उलट कधी नव्हे तो मऊ झाला होता. मला इतका राग आला होता की कटिंग आली तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या खिडकीकडे बघत बसले. यांचं काय जातंय, यांचं घर एजवेअरला पक्कं आहे, असं मनात आलं.

शेवटी डायरेक्टरने ठरवलं की सगळ्यांनी खाणीवर जाऊन समोरासमोर बोलायचं. गाडी डायरेक्टर चालवत होता, सर पुढे, मी मागे, डिकीत सरांची खुर्ची. सेव्हर्नच्या पुलावर वेल्समध्ये शिरताना टोल लागायचा, परत येताना नाही. सर म्हणाले, "खाणीचं उलटं असतं. शिरणं फुकट." डायरेक्टर मोठ्याने हसला. त्या दिवशी तो फार खुशीत होता. वाटेत हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून त्याने सँडविच घेतलं आणि न खाता जाकिटाच्या खिशात ठेवलं. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. खड्ड्याच्या तळाशी केशरी कोन मांडून भिंतीखालची पट्टी बंद केली होती. अलीकडे आम्ही सगळे पिवळी जाकिटं घालून उभे: आम्ही तिघं, खाणीचा मॅनेजर, त्याची चार माणसं. मॅनेजर जुना वेल्श माणूस, बोलायला महाग. पण त्या दिवशी तोही म्हणाला, "बघा ना, किती शांत आहे. मला तर सेफ वाटतं."

सरांनी नेहमीप्रमाणे डिकीतून खुर्ची आणून उघडली आणि तिच्यावर डबा ठेवला. "उत्तम. मग लंच?"

मॅनेजर खाकरला. आणि आमचा डायरेक्टर म्हणाला, "आय थॉट यू'ड नेव्हर आस्क!" त्याने डबा उचलून माझ्या हातात दिला, खुर्ची बगलेत मारली, कोन ओलांडले, आणि ताठ चालत भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बसला. पायावर पाय टाकून! खिशातून सँडविच काढलं, आमच्याकडे बघून उंच केलं आणि एक घास घेतला. क्लायंटच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोटो काढला.

मी सरांकडे बघितलं. इतकी वर्षं ज्या कसोटीवर त्यांनी मोठमोठ्यांना गप्प केलं, तिच्यात आज एक जण पास होत होता. घास संपायचा अवकाश, की शब्दाप्रमाणे यांना सही करायची होती. आणि माझं परमिट! माझ्या मनात, देवाशपथ सांगते, एक क्षण आलं की खा बाबा, लवकर खा.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते डायरेक्टरकडे बघतच नव्हते, त्याच्या डोक्यावर वर, माथ्याकडे बघत होते. तिथून मूठभर बारीक खडी भिंतीवरून घरंगळत आली, उंदीर पळाल्यासारखा आवाज झाला, बस. बाकी कोणाचं लक्षही गेलं नाही.

आणि सर धावले. जिना चढतानासुद्धा कठडा हलवून बघणारा माणूस, कोन उधळत, चिखलात घसरत धावला. "ऊठ बे! ऊठ म्हणतो ना! मरतो काय बे?" अस्सल नागपुरीत. डायरेक्टरला अर्थ लागायची गरजच पडली नाही. सरांनी त्याची कॉलर धरून त्याला उचललं, सँडविच उडालं, आणि फरफटत कोनांच्या अलीकडे आणून टाकलं. दोघंही चिखलात बसले. खुर्ची तिथेच राहिली.

भिंत पडली नाही.

आम्ही सगळे वाट बघत उभे होतो आणि ती ऊन खात शांत उभी. कोणीतरी फिसकन हसलं. डायरेक्टरने टाय सारखा केला. "मी बसलो. मी खाल्लं. आता सही."

"नाही," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "लाल."

"पण तो तुमचाच नियम आहे!"

"नियम रद्द."

परतीच्या गाडीत सरांचा डबा माझ्या मांडीवर, भरलेलाच. आणि आमच्या गुणी कंपनीने काय करावं? सरांवर दोन आरोप ठेवले. एक, वरिष्ठाच्या अंगाला हात लावला. दुसरा ऐका: बंद केलेल्या धोकादायक पट्टीत परवानगीशिवाय प्रवेश केला! डायरेक्टरही त्याच पट्टीत होता, पण त्याचं जाणं "क्लायंट एंगेजमेंट" होतं. चौकशी होईपर्यंत सरांना गार्डनिंग लीव्हवर घरी पाठवलं. बागकामाची सुट्टी म्हणे. "बागेत काय करणार ते?" मी काकूंना फोनवर विचारलं. "कुंपणाला टेकू लावतायत," काकू म्हणाल्या. "बोलत नाहीत ग कोणाशी. डब्याचं विचारलं तर उठून जातात."

इकडे ऑफिसात वेगळंच नाटक. सर नव्हते म्हणजे लालचा हिरवा करायला मोकळं रान! फक्त एक सही हवी होती. डायरेक्टरने दुसऱ्या इंजिनियरला सांगितलं. त्याची अचानक पाठ धरली. तिसऱ्याने सांगितलं, मी त्या पोस्टवर अजून कन्फर्म नाही. मग डायरेक्टर मला म्हणाला, तू "मेंढी" अशी खूण तरी कर. मी म्हटलं, करते, मेंढी बघितल्याची ईमेल पाठवा. स्वतः डायरेक्टरला कोणीतरी म्हणालं, तुम्हीच करा की, तुम्ही तर खाली बसून आलात. त्याला एकाएकी फार मीटिंग्ज लागल्या. असा तो लाल राहिला. कोणाच्या शौर्यामुळे नव्हे हो, सगळे एकजात घाबरट होते म्हणून!

आणि खुर्चीही राहिली. लाल पट्टीत जाऊन ती आणणार कोण? खाणीवरचा कॅमेरा रोज सकाळी भिंतीचा एक फोटो पाठवायचा. त्यात भिंतीच्या पायथ्याशी ती निळी खुर्ची, रिकामी, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. ऑफिसात तिची चेष्टा सुरू झाली. "मिस्टर लंच आले का?" असं रोज कोणीतरी विचारायचं. क्लायंटने नोटीस पाठवली. मी घरातली भांडी कोणाला द्यायची याचा विचार सुरू केला.

मग एका सोमवारी सकाळी मी चहा घेऊन बसले, फोटो उघडला आणि मला वाटलं चुकीचा कॅमेरा लागलाय. भिंत नव्हती. जिथे पायथा होता, रस्ता होता, कोन होते, तिथे दगडमातीचा एक प्रचंड ढीग होता. खुर्ची कुठेच नव्हती. त्या रस्त्यावरून रोज किती डंपर जायचे ते मला ठाऊक होतं. एकही माणूस तिथे नव्हता. एकही नाही! मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

पुढे सगळं कंपनीच्या रीतीप्रमाणे झालं. रिपोर्ट आला: जखमी कोणी नाही, नुकसान एक घडीची खुर्ची. क्लायंटने नोटीस मागे घेऊन कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, माझं परमिट आलं. सरांवरचे आरोप कुठल्याशा ड्रॉवरमध्ये विरघळले. डायरेक्टर कॉन्फरन्समध्ये "आय वॉज सिटिंग राइट देअर" अशी सुरुवात करून भाषणं देऊ लागला आणि लोक टाळ्या वाजवू लागले. कळस म्हणजे मार्केटिंगने क्लायंटना भेट द्यायला घडीच्या निळ्या खुर्च्या काढल्या, पाठीवर कंपनीचं नाव! पहिली सरांना द्यायची ठरली आणि ती पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

मी एजवेअरला गेले तेव्हा सर मागच्या बागेत उभे होते. बातमी त्यांना फोनवर कळलेली होती. मला वाटलं होतं, खूश असतील, निदान "सांगितलं होतं ना, पुणेकर?" एवढं तरी म्हणतील. मीच बोलत सुटले, की सर, तुम्ही बरोबर होतात, तुमच्यामुळे सगळे वाचले, माझं परमिटसुद्धा आलं.

"तो बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"कोण, डायरेक्टर? त्याला काय धाड भरलीय? भाषणं देतोय."

सरांनी मान हलवली. खुर्ची माझ्या हातातून घेतली, पाठीवरचं नाव वाचलं. ती न उघडताच कुंपणाला टेकवून ठेवली.

"मी म्हटलं म्हणून बसला तो," ते म्हणाले. "डोंगरानं नाही बोलावलं त्याला. मी बोलावलं. इतकी वर्षं बोलावून राहिलो एकेकाला, डबा दाखवून. कोणी आलं नाही म्हणून मला वाटायचं, काय हुशार आहे मी."

काकूंनी आतून जेवायला हाक मारली. टेबलावर पानं वाढली होती, भाताची मूद, शेजारी वरणाचं पातेलं, आणि अर्थात भेंडी. मी सवयीने हात मागे घेऊन थांबले. सरांनी पळी उचलली, माझ्याकडे न बघता माझ्या मुदीच्या कडेला थोडंसं वरण वाढलं आणि म्हणाले, "जेव बाई, गार होईल." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

ते पुढे निवृत्त होईपर्यंत कामावर आले. लाल म्हणायचे तिथे लालच म्हणायचे, भांडायचेही तसेच. पण मीटिंगमध्ये कोणी कितीही चिडवलं, "काय मिस्टर लंच, बसायचं का?" तरी कोणाला बस म्हणाले नाहीत. कंपनीची ती खुर्ची एजवेअरच्या शेडमध्ये प्लॅस्टिकमध्येच आहे. काकूंना उन्हात बसायला एक हवी होती, त्यांनी दुकानातून दुसरी आणली.